घटक ५ : पक्ष्याच्या पायातील वाळे – डॉ. सालिम अली यांचे जीवनकार्य

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• डॉ. सालिम अली यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• पक्षी-वलयांकनाची पद्धत आणि पाणथळ जागेत वाळेधारी पक्षी ओळखण्याची रीत स्पष्ट करता येईल.
• भरतपूरच्या पाणथळीचे रक्षण आणि वलयांकन यांचा परस्परसंबंध उलगडून दाखवता येईल.
• चरित्रनायकाचे कर्तृत्व आणि त्याच्या मतांच्या मर्यादा यांचा एकत्रित विचार करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, हिवाळा सुरू झाला की गावच्या तळ्यावर, धरणाच्या फुगवट्यावर किंवा खाडीच्या चिखलात बदकांचे आणि तुतवारांचे थवे उतरतात, हे तुम्ही पाहिले असेल. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते निघून जातात आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतात. ते कोठून येतात? गेल्या वर्षी आलेलेच पक्षी यंदा आले की दुसरे? मधल्या काळात ते कोठे होते? नुसत्या निरीक्षणाने या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. कारण एका जातीचे हजार पक्षी आपल्या डोळ्यांना सारखेच दिसतात. जात ओळखता येते, व्यक्ती ओळखता येत नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी माणसाने एक साधी युक्ती शोधली. पक्षी जिवंत पकडायचा, त्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके वाळे घालायचे आणि त्याला सोडून द्यायचे. त्या क्षणापासून तो हजारांतला एक राहत नाही; त्याला स्वतःची ओळख मिळते. भारतात या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर आणि शास्त्रशुद्ध रीतीने रुजवण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, त्या डॉ. सालिम अली यांचे चरित्र आपण या घटकात अभ्यासणार आहोत. त्यांच्या आयुष्याची सुरुवात बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीपासून झाली, आणि त्यांच्या प्रौढ वयातील एक मोठे काम पक्ष्यांना पकडून जिवंत सोडण्याचे होते. या दोन टोकांमधला प्रवास कसा घडला आणि त्यातून काय साधले, हे आपणास पाहावयाचे आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ बालपण आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही निधन झाले. पोरक्या झालेल्या या मुलांचा सांभाळ त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी केला. खेतवाडीतील त्या घरात मुलांची कमतरता नव्हती आणि मायेचीही नव्हती. मामांना शिकारीचा शौक होता. त्यांच्या प्रोत्साहनाने सालिमच्या हातीही लहानपणीच छऱ्याची बंदूक आली.

सुमारे दहा वर्षांचे वय असताना त्यांनी टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग आढळला. घरातल्या नेहमीच्या चिमणीपेक्षा ती वेगळी होती. मामांनाही तिची ओळख पटेना. म्हणून त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव तेव्हा डब्ल्यू. एस. मिलार्ड हे होते. मिलार्ड यांनी चिमणीची जात तर सांगितलीच. पण कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही त्या मुलाला दाखवला, पुस्तके वाचावयास दिली आणि नमुने जतन करण्याची रीत शिकवण्याची व्यवस्था केली.

हा प्रसंग अनेकांना माहीत असतो. त्यातील एका बाजूकडे मात्र तुम्ही विशेष लक्ष द्यावे. त्या काळात पक्ष्याची खात्रीशीर ओळख पटवण्याचा मार्ग बंदुकीच्या नळीतूनच जात असे. पक्षी मारायचा, त्याचे कातडे टिकवायचे, मापे घ्यायची आणि संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहायचे, अशी ती शिस्त होती. सालिम अली याच शिस्तीत वाढले आणि पुढेही अभ्यासासाठी नमुने गोळा करणे त्यांनी सोडले नाही. त्यांच्याविषयी लिहिताना त्यांना अहिंसेचा पुतळा बनवणे सत्याला धरून होणार नाही. प्रश्न त्यांच्या भूतदयेचा नव्हता. ज्ञान मिळवण्याच्या साधनाचा होता. मेलेला पक्षी आपण कोण आहोत हे सांगतो. आपण कोठे जाणार होतो, हे तो सांगू शकत नाही.

५.३.२ शिक्षण, उमेदवारी आणि जर्मनीतील धडे

सालिम अली यांचे शालेय शिक्षण प्रकृतीच्या तक्रारींमुळे अडखळत झाले. १९१३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. महाविद्यालयात मन रमले नाही म्हणून ते ब्रह्मदेशातील तवाय येथे घरच्या खाण व लाकूड व्यवसायात गेले. तेथे व्यापारापेक्षा रानातील पक्ष्यांकडेच त्यांचे लक्ष अधिक राहिले. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र यांचा अभ्यास करीत असतानाच सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या आग्रहाने त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातील पक्षितज्ज्ञाचे पद त्यांना मिळू शकले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना या काळाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. कामात उणीव जाणवू लागताच दोन वर्षांनी त्यांनी रजा काढली आणि वयाच्या तिशीनंतर ते पुन्हा विद्यार्थी झाले.

बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. याच मुक्कामात उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावरील पक्षी-वेधशाळेत त्यांना वलयांकनाचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला. स्थलांतराच्या वाटेवरील या छोट्या बेटावर थकलेले पक्षी विसाव्यासाठी उतरतात. झुडपांवरून पसरलेल्या, तोंडाशी रुंद आणि पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या जाळीच्या सापळ्यात त्यांना हलकेच हाकलले जाई. शेवटच्या पेटीतून पक्षी हाती आला की त्याची मापे घेऊन, वाळे घालून त्याला लगेच सोडले जाई. कातडी काढण्यात तरबेज असलेल्या सालिम अलींनी येथे पक्षी हाताळण्याची दुसरी रीत पाहिली.

ही रीत त्या वेळी फार जुनी नव्हती. डेन्मार्कमधील व्हिबॉर गावच्या हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये मैनेच्या कुळातील १६५ पक्ष्यांच्या पायांत क्रमांक आणि परतीचा पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची वाळी घातली. आधी त्याने जस्ताची वाळी वापरून पाहिली होती. परंतु ती पक्ष्यांना जड होत. ॲल्युमिनियममुळे हा प्रश्न सुटला आणि शास्त्रीय वलयांकनाचा पाया घातला गेला. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये मध्य भारतातील धार या मराठा संस्थानात, तेथील महाराजांच्या सहकार्याने बदकांना वाळी घालून या कामाचा आरंभ केला होता. पण तो प्रयत्न मर्यादित राहिला. त्याला व्यापक रूप येण्यास आणखी तीन दशके जावी लागली.

५.३.३ किहीमची सुगरण आणि संस्थानांतील भ्रमंती

१९३० मध्ये सालिम अली परतले, तेव्हा निधीअभावी संग्रहालयातील त्यांचे पद रद्द झाले होते. बेकारीच्या त्या दिवसांत हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीम येथे राहावयास गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्याचे महिने सालिम अलींनी शिडीवर बसून प्रत्येक खोप्याकडे स्वतंत्रपणे लक्ष ठेवण्यात घालवले. नर अर्धवट खोपा विणतो. मादी येऊन तो पारखते. पसंत पडला तर ती त्याचा ताबा घेते. मग नर तो पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणावयास घेतो, हा क्रम त्यांनी उलगडला. सुगरणीविषयीचा हा अभ्यास त्यांच्या कीर्तीचा पाया ठरला. थव्याकडे पाहून हे समजले नसते. या नराने काय केले आणि त्या मादीने काय केले, अशी वेगवेगळी नोंद ठेवल्यामुळेच ते समजले. व्यक्तीकडे पाहण्याची ही दृष्टी पुढे वलयांकनात उपयोगी पडली.

त्यानंतर त्यांनी संस्थानिकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च संस्थानाने करावा. पक्ष्यांचे सर्वेक्षण आपण वेतन न घेता करू. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा अनेक संस्थानांचे रान त्यांनी या निमित्ताने पायांखाली घातले. रानातल्या मुक्कामांत तेहमिना यांची साथ असे. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. या आघाताने सालिम अली खचले. पुढे बहीण आणि मेहुणे यांच्या घरी राहून त्यांनी काम चालू ठेवले. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकाला सचित्र पक्षी-ओळखीचे दार उघडले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) मॉर्टेन्सन यांनी जस्ताऐवजी ॲल्युमिनियमची वाळी का वापरली?
आ) वलयांकनाचा प्रत्यक्ष अनुभव सालिम अली यांना कोठे मिळाला?
इ) किहीम येथे त्यांनी कोणत्या पक्ष्याचा अभ्यास केला?

५.३.४ भरतपूर : शिकारीच्या तळ्यापासून अभ्यासाच्या तळ्यापर्यंत

राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे उथळ पाणथळ क्षेत्र आहे. अजान बांधातून येणारे पाणी लहान लहान बंधाऱ्यांनी अडवून आणि दारांनी नियंत्रित करून येथे खेळवले जाते. संस्थानी काळात बदकांच्या शिकारीसाठी ते खास राखलेले होते. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारी मेळाव्यात येथे ४,२७३ पक्षी मारले गेले. तेथील शिलालेखावर ही संख्या अभिमानाने कोरलेली आहे. योगायोग असा की, तो सालिम अली यांचा बेचाळिसावा वाढदिवस होता.

स्वातंत्र्यानंतर या तळ्यावर वेगळेच संकट आले. राजाच्या चैनीसाठी अडवलेले पाणी शेतीला द्यावे आणि तळ्याची जमीनही लागवडीखाली आणावी, अशी मागणी पुढे आली. अन्नटंचाईच्या त्या काळात ती अन्याय्य म्हणता येणार नाही. मात्र एकदा तळे आटवले असते, तर ते पुन्हा उभे राहिले नसते. सालिम अली यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यापर्यंत आपले म्हणणे पोहोचवले आणि पाणथळ वाचली. ती का वाचवायची, याचे ठोस पुरावे मात्र अजून हाती यावयाचे होते.

ते पुरावे मिळवण्याची संधी एका रोगाने दिली. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या रोगाच्या विषाणूचा छडा लावला. आज सिंधुदुर्ग आणि गोव्यातील लोक ज्याला माकडताप म्हणतात, तोच हा रोग. तो गोचिडींमार्फत पसरतो. त्याच्या विषाणूचे रशियातील एका विषाणूशी साम्य आढळल्याने, सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींनी तर तो आणला नाही ना, अशी शंका निर्माण झाली. शंकेचे निरसन करावयाचे तर पक्षी कोठून कोठे जातात, हे आधी कळावयास हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ मध्ये सोसायटीचा पक्षी-स्थलांतर प्रकल्प सुरू झाला आणि त्याची धुरा सालिम अली यांच्याकडे आली. स्विस पक्षितज्ज्ञ आल्फ्रेड शिफर्ली यांनी सुरुवातीच्या प्रशिक्षणात साहाय्य केले.

पक्ष्यांवरील तो संशय पुढे सिद्ध झाला नाही. पण त्या निमित्ताने सुरू झालेल्या कामातून स्थलांतराची माहिती साठत गेली. भरतपूर हे या कामाचे एक मुख्य केंद्र होते. तेथे पक्षी पकडण्यासाठी सालिम अलींनी बिहारमधील मीरशिकारांना बोलावले. पक्षी पकडून विकणे हा या लोकांचा पिढीजात धंदा. पक्ष्यांच्या सवयी, त्यांच्या उतरण्याच्या जागा आणि त्यांची हाक यांचे त्यांना असलेले ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. बारीक दोऱ्याची, जवळजवळ न दिसणारी जाळी आणि मीरशिकारांचे हातखंडे यांच्या मिलाफातून पक्षी इजा न होता हाती येऊ लागले. ज्या कौशल्याने पक्षी बाजारात जात, तेच कौशल्य आता त्यांना परत आकाशात सोडण्यासाठी वापरले जाऊ लागले.

५.३.५ वाळे कसे घालतात आणि कसे वाचतात

मित्रहो, या कामाचे स्वरूप आता नीट समजून घेऊ. जाळ्यातून सोडवलेला पक्षी सुती पिशवीत ठेवतात. अंधारामुळे तो शांत राहतो. आधी त्याची जात निश्चित केली जाते. पिसांचा रंग आणि त्यांची झड पाहून वय, व शक्य असल्यास लिंग ठरवले जाते. पंख, चोच, पाय आणि शेपटी यांची मापे व वजन यांची नोंद होते. मग पायाच्या जाडीप्रमाणे योग्य मापाचे वाळे निवडून ते विशिष्ट चिमट्याने बंद करतात. वाळे पायावर सहज फिरले पाहिजे. पण निसटता कामा नये आणि रुतताही कामा नये. वाळ्यावर क्रमांक असतो आणि मुंबईच्या सोसायटीला कळवावे, अशी सूचना इंग्रजीत कोरलेली असते. ही सर्व माहिती नोंदवहीत उतरल्यानंतर पक्षी मुक्त होतो.

यानंतरचे काम अनोळखी माणसांच्या हाती असते. धातूच्या वाळ्यावरील बारीक अक्षरे दुरून वाचता येत नाहीत. पक्षी पुन्हा जाळ्यात सापडला, मरून पडलेला आढळला किंवा शिकाऱ्याच्या हाती लागला, तरच क्रमांक कळतो. भरतपूरला वाळे घातलेले बदक मध्य आशियातील वा सैबेरियातील एखाद्या शिकाऱ्याने मारावे, त्याच्या पायातील वाळे त्याच्या नजरेस पडावे आणि त्याने तो क्रमांक कळवण्याची तसदी घ्यावी, इतक्या गोष्टी जुळून आल्यावर नकाशावर एक रेषा उमटे. घातलेल्या वाळ्यांच्या मानाने अशा खबरांची संख्या नेहमीच अल्प असते. तरीही भरतपूरच्या बदकांची वाळी सोव्हिएत संघातील दूरदूरच्या प्रदेशांतून कळवली गेली आणि तळ्यावरील हिवाळी पाहुणे हिमालयापलीकडून येतात, हे अनुमानाऐवजी पुराव्याने सांगता येऊ लागले.

पुढे या पद्धतीत सुधारणा झाली. रंगीत वाळी, अक्षरे लिहिलेल्या छोट्या झेंड्यासारख्या पट्ट्या आणि हंसांसाठी गळपट्ट्या वापरात आल्या. दुर्बिणीतून त्या वाचता येतात. त्यासाठी पक्षी पकडावा लागत नाही. मंगोलियात गळपट्टी घातलेले पट्टकादंब हंस महाराष्ट्र-कर्नाटकातील तलावांवर अशाच रीतीने ओळखले गेले आहेत. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, ठाण्याची खाडी किंवा तुमच्या तालुक्यातील एखादा पाझर तलाव, कोठेही असा पक्षी तुम्हांस दिसू शकतो. तो दिसल्यास पुढील गोष्टी टिपून घ्या.

१) पक्ष्याची जात. जात चुकली तर पुढची सर्व नोंद संशयास्पद ठरते.
२) वाळे किंवा पट्टी कोणत्या पायात आहे : पक्ष्याच्या उजव्या की डाव्या. तो समोरून पाहत असेल तर बाजू उलटी भासते, हे ध्यानात ठेवावे.
३) ते पायाच्या सांध्याच्या वर आहे की खाली.
४) रंग, एकाहून अधिक वाळी असल्यास वरून खाली त्यांचा क्रम.
५) अक्षरे व अंक. जे स्पष्ट दिसले तेवढेच लिहावे. उरलेले अंदाजाने भरू नये.
६) दिनांक, वेळ आणि नेमके ठिकाण. शक्य असल्यास छायाचित्र.

पक्षी एका पायावर उभा असेल किंवा पाण्यात पोहत असेल, तर वाट पाहणे हाच उपाय आहे. वाळे वाचण्यासाठी थव्याला उडवून लावू नये; हजारो मैलांच्या प्रवासाने थकलेल्या पक्ष्याला प्रत्येक विनाकारण उड्डाण महागात पडते. जिवंत पक्ष्याचे वाळे कधीही काढू नये. मृत पक्ष्याच्या पायातील वाळे आढळल्यास त्यावरील क्रमांक व मजकूर जसाच्या तसा उतरवून संबंधित संस्थेला कळवावा.

या सूचनांत भाषेच्या विद्यार्थ्यानेही घ्यावा असा एक धडा आहे. जे दिसले ते आणि जे वाटले ते यांतील सीमारेषा सांभाळणे, हे नोंद लिहिणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. चरित्रकारालाही हा नियम तितकाच लागू पडतो.

५.३.६ संशय, सन्मान आणि अखेरचा धडा

स्थलांतर प्रकल्पाला परदेशांतून, विशेषतः अमेरिकेतून, पैसा मिळत होता. १९७० च्या दशकात त्यामागे लष्करी वा गुप्तहेर यंत्रणांचा हेतू असल्याचे आरोप झाले. संसदेच्या लोकलेखा समितीनेही अशा परकीय साहाय्याच्या प्रकल्पांची चिकित्सा केली. देशाच्या पक्ष्यांसाठी हयात घालवलेल्या वृद्ध शास्त्रज्ञाला हे क्लेशदायक वाटणे स्वाभाविक होते. तथापि, सार्वजनिक पैसा आणि परकीय साहाय्य यांचा हिशेब विचारणे हा लोकशाहीचा अधिकार आहे, हेही आपण विसरू नये.

दरम्यान त्यांचे लेखन अखंड चालू होते. अमेरिकन पक्षितज्ज्ञ सिडनी डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पद्मभूषण (१९५८) आणि पद्मविभूषण (१९७६) हे सन्मान त्यांना मिळाले. जे. पॉल गेटी वन्यजीव संरक्षण पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातही त्यांनी चिमणीला स्थान दिले आहे.

भरतपूरला १९८१ मध्ये रामसर स्थळाचा, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. या यशाला एक दुःखद बाजू आहे. राष्ट्रीय उद्यान होताच तेथे गुरे चारण्यास बंदी घालण्यात आली. म्हशींच्या चराईने पाणथळीची हानी होते, असे सालिम अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मत होते. आसपासच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत आली होती. ग्रामस्थांनी विरोध केला. पोलिसांच्या गोळीबारात काही जणांना प्राण गमवावे लागले.

याच सुमारास, १९८० पासून, सोसायटीने भरतपूरच्या परिसंस्थेचा दशकभर चालणारा अभ्यास हाती घेतला होता. पाणी, वनस्पती, मासे, कीटक आणि पक्षी यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. त्यांतून निघालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. म्हशी गेल्यावर पाण्यातील गवत बेसुमार वाढले आणि बदकांना लागणारे मोकळे पाणी कमी होऊ लागले. म्हशी पाणथळीच्या शत्रू नव्हत्या. गवताला आवर घालून त्या तिला मोकळी ठेवत होत्या. हा निष्कर्ष पूर्णतः पुढे येईपर्यंत सालिम अली हयात नव्हते. २० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले होते.

या घटनेकडे आपण कसे पाहावे? चराईबंदीविषयीचे त्यांचे मत चुकीचे ठरले आणि त्याची किंमत गरीब ग्रामस्थांनी मोजली, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्याच वेळी हेही लक्षात घ्या की, ही चूक त्यांच्याच संस्थेने आणि त्यांनीच आयुष्यभर आग्रहाने शिकवलेल्या पद्धतीने उघडकीस आणली. प्रत्यक्ष पाहावे, मोजावे, लिहावे आणि पुन्हा पाहावे, ही ती पद्धत. वाळ्यावरचा क्रमांक पकडणाऱ्याची कीर्ती पाहत नाही. बदक जेथे सापडते तेथे सापडते. मग ते कोणाच्या अनुमानाशी जुळो वा न जुळो. आपल्या मतापेक्षा नोंद श्रेष्ठ मानणारी परंपरा मागे ठेवणे, हे सालिम अली यांचे मोठे देणे आहे. त्या परंपरेने त्यांनाही अपवाद केले नाही, यातच तिचे खरेपण दिसते.

गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावरचे खारफुटीचे अभयारण्य आणि छत्रपती संभाजीनगर येथील सरोवर यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीतील सहा रोहित पक्ष्यांच्या अंगावर सोसायटीने उपग्रहाच्या साहाय्याने ठिकाण कळवणारी यंत्रे बसवली. त्यांतील एकाचे नाव सालिम अलींच्या स्मरणार्थ सालिम ठेवण्यात आले. यंत्र बदलले, पण प्रश्न तोच आहे : हा एक पक्षी येथून कोठे जातो?

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) पक्षी-स्थलांतर प्रकल्प सुरू होण्यास कोणता रोग निमित्त ठरला?
आ) मीरशिकारांचे या प्रकल्पातील योगदान कोणते?
इ) म्हशींची चराई थांबल्यावर भरतपूरच्या पाणथळीत कोणता बदल झाला?

५.४ सारांश

पक्षी मारून त्याची ओळख पटवण्याच्या काळात सालिम अली यांचे शिक्षण झाले. हेल्गोलँडमध्ये त्यांनी वलयांकन पाहिले आणि किहीम येथे एकेका पक्ष्याचे वर्तन नोंदवण्याची दृष्टी सिद्ध केली. १९५९ नंतर भरतपूरमध्ये या दोहोंचा संगम झाला. वाळ्यामुळे जातीतील एक पक्षी स्वतंत्रपणे ओळखता येऊ लागला, त्याचा मार्ग कळला आणि एका गावच्या तळ्याचा संबंध दूर देशांशी आहे, हे सिद्ध झाले. पाणथळीच्या रक्षणाला त्यामुळे पुराव्याचे बळ मिळाले. चराईबंदीच्या प्रश्नावर मात्र त्यांचे मत पुढील संशोधनाने खोटे ठरवले. व्यक्तीपेक्षा नोंद मोठी, हे या चरित्राचे सार आहे.

५.५ शब्दार्थ

पाणथळ – वर्षाचा बराच काळ उथळ पाणी वा ओल टिकून राहणारी जागा
वलयांकन – ओळखीसाठी पक्ष्याच्या पायात क्रमांकित वाळे घालणे
मीरशिकार – पक्षी पकडण्याचा पिढीजात व्यवसाय करणारा समाज
परिसंस्था – सजीव व त्यांचा परिसर यांची परस्परावलंबी व्यवस्था
रामसर स्थळ – पाणथळींच्या रक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये मान्यता मिळालेली जागा

५.६ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) जस्ताची वाळी पक्ष्यांना जड होत म्हणून. आ) हेल्गोलँड बेटावरील पक्षी-वेधशाळेत. इ) सुगरण.
प्रश्न २ : अ) क्यासनूरचा जंगल रोग, म्हणजेच माकडताप. आ) पिढीजात ज्ञानाच्या आधारे पक्ष्यांना इजा न करता पकडून देणे. इ) गवत बेसुमार वाढून मोकळे पाणी कमी होऊ लागले.

५.७ स्वाध्याय

१) सालिम अली यांच्या जीवनात बंदुकीपासून वाळ्यापर्यंत झालेला प्रवास तुमच्या शब्दांत लिहा.
२) वाळेधारी पक्ष्याची नोंद करताना कोणती दक्षता घ्यावी, ते कारणांसह स्पष्ट करा.
३) चरित्रनायकाच्या चुकीचा उल्लेख केल्याने त्याचे मोठेपण कमी होते का? भरतपूरच्या चराईबंदीच्या आधारे चर्चा करा.
४) उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या पाणथळ जागेला हिवाळ्यात सलग चार आठवडे, आठवड्यातून एकदा भेट द्या. दिसलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवा. ज्याची ओळख पटली नाही, त्याच्यापुढे अंदाजाने नाव न लिहिता वर्णन लिहा.